वातीची खूण

आमच्या बाबांना आत्मज्ञान रविवारी सकाळी साडेआठ ते दहा या वेळात होत असे. बाकीचे दिवस ते खडकीला कारखान्यात कारकून होते.

कसब्यात आमच्या घरापासून चार दारं सोडून एका तांबटाचं दुकान होतं. त्यावरच्या खोलीत मंडळ भरायचं. मंडळ एका महाराजांच्या नावाने चाललेलं. महाराज कधीच गेलेले. कुठल्याशा नदीकाठच्या गावात त्यांचं चणे-फुटाण्यांचं दुकान होतं. एकदा भट्टीवरच्या तापल्या वाळूत हात पोळला, आणि ओरडायचं सोडून त्यांना प्रश्न पडला, की पोळलं ते नक्की कोणाला? हात माझा म्हणतो, तर मग मी कोण? त्या एका प्रश्नाचा त्यांनी जन्मभर पिच्छा पुरवला. दुकान मात्र सोडलं नाही, चणे भाजत राहिले. माणूस मोठा होता, हे मी आजही म्हणते. माझा राग आहे तो त्या वरच्या खोलीवर.

मंडळाचे प्रमुख म्हणजे एक निवृत्त शाळा तपासनीस. निवृत्त झाले तरी त्यांची तपासणी काही संपली नव्हती. महाराजांचं एकच पुस्तक होतं, भगव्या पुठ्ठ्याचं, अर्धं चरित्र आणि अर्धा उपदेश. तपासनिसांनी पहिल्याच रविवारी निकाल देऊन टाकला, की चरित्र हे बायकामुलांसाठी, आपण तत्त्व घ्यायचं. त्यामुळे अकरा वर्षं ही दहा-बारा शहाणी माणसं पुस्तक मधोमध उघडून बसत. महाराज जगले कसे, हे विचारणं म्हणजे पोरकटपणा. ताटातला वरणभात सोडून नुसतं लिंबू चोखत बसावं, तसला प्रकार. चरित्र वाचलं ते आमच्या आईने, दुपारची भांडी आवरल्यावर, खिडकीशी बसून.

आता हे तत्त्व किती मुरलं होतं तेही सांगते. खाली तांबट ठोकायला बसले की वर आत्मविचारात व्यत्यय यायचा. शेवटी तपासनीस बाबांना बरोबर घेऊन खाली उतरले आणि म्हणाले, "रविवारी सकाळी एवढं बंद ठेवा. आम्हाला आवाजाचा फार त्रास होतो." म्हातारे तांबट दहा वर्षं खालून सगळं ऐकत आलेले. हातातली हातोडी न थांबवता म्हणाले, "त्रास कोणाला होतो, ते बघा ना आधी." बाबांनी घरी येऊन हे सांगितलं ते लोक किती उद्धट झालेत याचा दाखला म्हणून. आई तोंडाला पदर लावून खूप हसली. इतकं हसताना मी तिला नंतर फारसं पाहिलं नाही.

कारण घरी तोच प्रश्न तिच्या वाट्याला आला होता.

"अहो, डोकं फार दुखतंय हल्ली."

"कोणाला दुखतंय?"

"अहो, दिव्याभोवती रंगीत कडी दिसतात."

"पाहणारा कोण, ते शोध," बाबा डोळे मिटून म्हणायचे. त्यांच्या स्वतःच्या चहात साखर कमी पडली, तर मात्र ती कोणाला कमी पडली हा विचार त्यांना कधी शिवला नाही.

मग आई सांगेनाशी झाली. जाता-येता तिचा खांदा चौकटीवर आपटायचा. भातात खडे राहायला लागले. खडा दाताखाली आला की बाबा ताट पुढे सरकवायचे.

मी तेव्हा टपाल कचेरीत नुकती नोकरीला लागले होते आणि जीभ पहिल्यापासूनच तिखट. बाबांची नक्कल मी इतकी हुबेहूब करायचे, की बिबवेवाडीची मावशी पोट धरधरून हसायची. आई म्हणायची, "अगं, सुईत एवढा दोरा ओवून दे." मी लगेच डोळे मिटून बाबांच्या आवाजात, "ओवता येत नाही, ते कोणाला?" मग हसणं झालं की ओवून द्यायचे. का ओवता येत नाही, हे काही विचारलं नाही. माझ्या मते मी बाबांची चेष्टा करत होते.

त्याच काळात ते भगवं पुस्तक अधूनमधून माझ्या उशाशी सापडायला लागलं. आता बाबा माझाही उद्धार करायला निघाले, असं समजून मी ते न उघडता फडताळात फेकायचे.

एका दुपारी आईने चहा कपाच्या शेजारी ओतला. टेबलावरून तो सरळ तिच्या पायावर आला. बाबा समोरच बसले होते. त्यांनी सवयीने तोंड उघडलं, "कोणा..."

"मला," आई म्हणाली. आवाज चढला नव्हता. "मला भाजलंय. मला दिसत नाही."

डॉक्टरांनी दोन्ही डोळे तपासले. काचबिंदू. उजवा गेलेला, डावा निम्मा राहिलेला. "गेलेली नजर परत येत नाही. दोन वर्षांपूर्वी आणलं असतं तर..." एवढं म्हणून ते चिठ्ठी लिहायला लागले.

परतताना रिक्षा केली. मी रस्ताभर बोलले. तपासनीस काढले, मंडळ काढलं, अकरा वर्षं काढली, बाबांची लाज म्हणून ठेवली नाही. आमच्या मध्ये बसलेली आई म्हणाली, "घरी गेल्यावर ते पुस्तक काढ."

काढलं. चरित्राच्या भागात एका पानावर निरांजनातली कापसाची वात खूण म्हणून घातलेली होती. "तिथलं वाच," ती म्हणाली.

मी मोठ्याने वाचलं. पोटात कळ येते म्हणून एक बाई महाराजांकडे आली होती. तिथे बसलेला एक विद्वान तिला म्हणाला, कळ कोणाला येते ते शोध. महाराज भट्टीवरून उठले, टांगा बोलावला, आणि बाईला स्वतः वैद्याकडे पोचवून आले. परत आल्यावर त्या विद्वानाला म्हणाले, "तो प्रश्न स्वतःला विचारायचा असतो. दुसऱ्याला विचारायचं ते एवढंच, की कुठे दुखतंय."

बाबांनी पुस्तक माझ्या हातातून घेतलं आणि ते पान पुन्हा वाचलं. मग म्हणाले, "हे मला कोणी दाखवलं नाही." असा संताप आला मला. आता ह्यांना चांगलं सुनवावं म्हणून मी तोंड उघडलं.

"वाचता येत होतं तोवर घातलेली वात आहे ती," आई म्हणाली. "दोन वर्षं झाली. कधी ह्यांच्या खुर्चीवर ठेवलं पुस्तक, कधी तुझ्या उशाशी. म्हटलं, दोघांपैकी कोणीतरी उघडेल."