जुन्या चित्रामागचा नवा ब्राउझर

तिसगावात कॉम्प्युटर दुरुस्त करणारा एक जण आहे. त्याचं उत्तर 'व्हय'नं सुरू होतं आणि 'न्हाई'वर संपतं. माझ्या जुन्या कॉम्प्युटरवर बँकेची साइट उघडेना, म्हणून मी तो घेऊन त्याच्याकडं गेलो आणि विचारलं, "सुरक्षित ब्राउझर कोणता टाकायचा?"

"व्हय, हा चांगला हाय. पन तुमच्या मशिनला झेपायचा न्हाई."

"मग तो दुसरा?"

"व्हय, हलका हाय. पन त्याला आता अपडेट येत न्हाई."

मेलच्या प्रोग्रामचंही तेच. माझं डोकं चालेना. शेवटी त्यानंच नवा ब्राउझर आणि नवा मेलचा प्रोग्राम निवडून टाकला आणि जुने दोन्ही काढून टाकले. मी दचकलो. मुलीचे सगळे मेल जुन्यात होते.

"ते आनलेत की नव्यात," म्हणत त्यानं स्क्रीनवर जुन्या प्रोग्रामांचीच चित्रं, म्हणजे आयकॉन, परत ठेवली. दाबली की उघडायचं मात्र नवं.

"हे कशाला?"

"बैल विकला तरी त्याचं दावं आमी घरीच ठेवतो, सर."

घरी बायकोनं विचारलं, "बदललं का सगळं?"

मी 'व्हय' म्हणालो. मग स्क्रीनवरची ती जुनी चित्रं दिसली, आणि माझ्या तोंडून आपसूक निघालं, "पन न्हाई."