भाचीच्या चित्रातला फिकट निळा

माझ्या थोरल्या मामाइतका रंगांचा जाणकार आणि चित्रकलेचा अडाणी माणूस वांद्र्यापासून बोरिवलीपर्यंत दुसरा झाला नसेल. त्याने एकदा हट्टाने गाय काढली होती. आम्ही मुलांनी ती आधी पाट म्हणून, मग बाक म्हणून आणि शेवटी शिवणयंत्र म्हणून ओळखली. त्याला त्याचं काही वाटलं नाही. "माझं काम काढायचं नाही, आणून द्यायचं," असं तो म्हणे. अंधेरीला औषधांच्या एका गोदामात तो कारकून होता, लग्न केलेलं नव्हतं, आणि नात्यातल्या ज्या मुलाला चित्रकलेचा हात आहे असा त्याला संशय येई, त्या मुलाच्या घरी तो दिवाळीच्या सुट्टीत रंग घेऊन हजर होई. ज्यांच्याविषयी संशय नसे त्यांना चिक्की मिळे. मला चिक्की कधी मिळाली नाही. पुढे वाटायचं, मिळाली असती तर सगळ्यांचंच बरं झालं असतं.

मामा रंग विकत घेई म्हणण्यापेक्षा त्यांचं स्थळ पाही म्हटलेलं बरं. सांताक्रूझच्या एका दुकानात तो औषधाच्या बाटलीत घरचं पाणी घेऊन जाई. ब्रश त्या पाण्यात बुडवायचा, झटकायचा आणि टोक सुईसारखं जुळतं का ते पाहायचं. जुळलं नाही तर ब्रश दुकानदाराच्या नाकासमोर धरून विचारायचं, "हा ब्रश आहे की केरसुणी?" कागद तो कानाशी नेऊन हलवी, आवाज ऐके आणि मान डोलवी. खडू हुंगे. माझ्या एका चुलत मामाने मुलाला स्वस्तातली रंगीत पेनं आणली, तेव्हा थोरल्या मामाने भर पंगतीत सांगितलं, "यापेक्षा पोराला काठी दे. मातीत रेघोट्या तरी खऱ्या मारील." तो चुलत मामा पुढे दोन वर्षं त्याच्याशी बोलत नव्हता. सांताक्रूझचा दुकानदार तर त्याला लांबून येताना पाहिला की शटर अर्धं खाली ओढून जेवायला बसल्याचं सोंग करी.

आम्ही घाटकोपरला डोंगराच्या उतारावर राहत होतो. बाबांची गिरणी बंद पडली आणि वर्षभर घरी बसल्यावर त्यांना साकीनाक्याला डब्यांची पत्र्याची झाकणं करणाऱ्या एका वर्कशॉपमध्ये काम लागलं. काम कायमचं नव्हतं. शेठ आज म्हणाला तर उद्या नाही. दिवाळीला सगळे कामगार शेठच्या घरी काही ना काही नेत, आणि आमच्या घरात नेण्यासारखं काहीच नव्हतं. नेमका पहिल्या दिवाळीच्या दिवशी सकाळी मामा माझ्यासाठी बारा ट्यूबांचा डबा, खारीच्या केसांचे दोन ब्रश आणि जाड कागदाची वही देऊन गेला होता. मी अजून डब्याचं झाकणही उघडलं नव्हतं, हात धुऊन उघडायचं ठरवलं होतं. आई म्हणाली, "शेठच्या मुलीलाही चित्रांची आवड आहे म्हणे." बाबा माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुला पुढच्या वेळी." मी नऊ वर्षांची होते. मी हात पुसले.

पुढच्या वेळीही तेच झालं आणि त्याच्या पुढच्याही. शेठला सवय लागली होती आणि बाबांना भीती. मला नाक्यावरचा वड्यांच्या रंगांचा डबा मिळे. त्यातल्या वड्या ब्रशने कितीही घासल्या तरी जेमतेम ओशाळल्यासारखा रंग देत. मे महिन्यात मामा येई आणि पहिला प्रश्न विचारी, "रंग संपले?" आई म्हणे, "कधीच." तो खूश होई. "संपायलाच हवेत. राहिलेला रंग म्हणजे न बोललेलं बोलणं." मग माझी चित्रं खिडकीशी नेऊन बघे आणि त्याचा चेहरा पडे. "बाय, हा निळा असा मेल्यासारखा का गं?"

"पाणी जास्त झालं, मामा," मी सांगे.

त्याचा पाण्यावर विश्वास बसला नाही, आणि माझ्या हातावर तर त्याने चुकूनही संशय घेतला नाही. त्याने कागदाला दोष दिला आणि पुढच्या दिवाळीला आणखी जाड कागद आणला. मग रंगाला दोष दिला आणि सांताक्रूझच्या दुकानात जाऊन चार गिऱ्हाइकांदेखत म्हणाला, "तुम्ही भेसळ विकता. माझ्या भाचीच्या चित्रात निळा मरतो." तो बिचारा आईची शपथ घेत होता. हे सगळं मामा आम्हाला हातवारे करून सांगे, आम्ही तिघं हसत असू, आणि बाबा मध्येच पाणी प्यायला उठत.

चौथ्या वर्षी दसऱ्याला वर्कशॉपमध्ये मशीनची पूजा होती. घरच्यांना बोलावलं होतं आणि मामा आमच्याकडे आलेला असल्याने तोही आला. शेठच्या केबिनमध्ये भिंतीवर त्याच्या मुलीची चार चित्रं काचेत लावलेली होती. एकात विमानतळावर उतरणारं विमान होतं आणि मागे संध्याकाळचं आभाळ. खरंच सुंदर होतं ते. मामा जवळ गेला, काचेला नाक लावून कागदाचा पोत बघू लागला आणि इतका आनंदला की प्रसादाचा द्रोण त्याने शेठच्याच टेबलावर ठेवला.

"बघ, बघ, निळा कसा बोलतोय," तो मला म्हणाला. मग शेठला विचारलं, "रंग कुठून आणता?"

"आपण कुठं आणतो, साहेब," शेठ हसत बाबांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला. "हे आपले फिटर देतात ना, दर दिवाळीला. झकास चॉइस आहे यांचा. पोरीचा हातच बदलला."

मामाने बाबांकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "मुलगी छान काढते. ब्रश मात्र टोक वर करून ठेवायला सांगा, केस वाकतात." आणि द्रोण उचलून बाहेर गेला.

बसस्टॉपवर बाबा पायाने खडे ढकलत होते. शेवटी मामा म्हणाला, "म्हणजे तो सांताक्रूझवाला खरं बोलत होता." दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकून तो दुकानात गेला आणि त्या माणसाची माफी मागून आला. माझी माफी मागायचं कुणाला सुचलं नाही, आणि त्याची मागायचं आम्हालाही.

त्या दिवाळीला तो दोन डबे घेऊन आला. "भावोजी, हा शेठच्या मुलीचा. तिचं थांबता कामा नये," तो म्हणाला. "आणि हा हिचा." बाबांनी मान खाली घालून डबा घेतला. एवढा मोठा माणूस माझ्यासमोर इतका लहान झालेला मी पुन्हा पाहिला नाही, आणि त्याबद्दल मी मामाला बरीच वर्षं मनातून माफ केलं नाही.

मी त्याच्यासमोर बसून चित्र काढलं. ट्यूबमधून निळा बाहेर आला तो इतका गडद की मला त्याची धास्ती वाटली. चार वर्षं वड्या खरवडून माझ्या हाताला काटकसर लागली होती. मी थेंबभर घेतला, वाटीभर पाण्यात पसरला. आभाळ नेहमीसारखंच फिकट झालं. मामा शेजारी बसून बघत होता. हळूच म्हणाला, "पाणी जास्त झालं का गं, बाय?" मी हो म्हटलं. यावेळी ते खरं होतं.

पुढे मी टायपिंग शिकले आणि अंधेरीलाच एका ऑफिसात लागले. बाबांचं काम शेवटी कायम झालं. मामाने नात्यातल्या इतर मुलांना रंग देणंही हळूहळू सोडलं. कारण विचारलं तर गुडघे दुखतात म्हणे. मी रविवारी त्याच्याकडे जाई, आणि आम्ही नळाच्या पाण्याविषयी आणि भाज्यांविषयी बोलत असू.

एकदा त्याने वर्सोव्याला नेशील का म्हणून विचारलं. खाडीच्या काठाला बायका मासळी वाळत घालत होत्या, मढला जाणारी होडी भरत होती. मामा दगडावर बसून कितीतरी वेळ पाण्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "कसला रंग म्हणशील हा?"

मी पाहिलं आणि म्हटलं, "राखाडी."

त्याला त्या पाण्यात किती रंग दिसत होते कुणास ठाऊक. त्याच्या ओठांची हालचाल झाली, बोटही थोडं वर आलं. मग ते त्याने गुडघ्यावर ठेवलं आणि म्हणाला, "हो, राखाडीच."