अम्मान, मार्गे परंडा

"लगतवाला आला का?"

शेतात पाऊल ठेवल्यावर मोजणीसाहेबांचा हा पहिला प्रश्न. लगतवाला म्हणजे बांधाला बांध लागून असलेला शेजारी. ज्यानं मोजणीचा अर्ज केलाय तो कपबशी घेऊन पुढं येतोय, पाटील सावलीला घोंगडी अंथरतोय, आणि हे आपले डोक्याला रुमाल गुंडाळून उन्हात उभे. शेजारी आला नसेल तर त्याला बोलावणं धाडायचं आणि तो येईपर्यंत मोजणीची साखळी पिशवीतून काढायची नाही. आला की साखळीचं एक टोक अर्जदाराच्या हातात, दुसरं शेजाऱ्याच्या. साखळी धरायला सरकारनं दोन गडी दिले होते, ते लिंबाखाली बसून विड्या ओढत. "भांडण ज्यांचं, साखळी त्यांनी ओढावी," असं यांचं म्हणणं.

मराठवाडा मुंबई राज्याला जोडला गेला त्याच सुमारास ते आमच्या परंड्याला मोजणीदार म्हणून बदलून आले. मी तिथं पोस्टमास्तर होतो. दुसऱ्याची पत्रं वाचू नयेत हा खात्याचा नियम, आणि पाकिटावरून आतला मजकूर ताडणं हा माझा रोग. त्यांचं बिऱ्हाड पोस्टाच्या भिंतीला भिंत लागून, त्यामुळं रोगाला खाद्य भरपूर मिळालं.

आडनावाच्या शेवटी 'कर', बोली कोकणातली, बायको नऊवारीत. पण शनिवारी हा माणूस कामाला हात लावायचा नाही. त्या दिवशीची रजा मागून घ्यायचा आणि रविवारी एकटा कचेरी उघडून बसायचा. गावानं ठरवून टाकलं की मोजणीसाहेब मारुतीचे कडक भक्त आहेत. मग काय, दर शनिवारी कुणी ना कुणी त्यांच्या दारात रुईच्या पानांचा हार आणि वाटीभर तेल ठेवून जाऊ लागलं. वर्षभरानं मला त्यांनी खरं सांगितलं. "मास्तर, आम्ही बेने इस्राएल. ज्यू. आमचे वाडवडील अलिबागेकडं तेलाचे घाणे चालवायचे, शनिवारी बंद ठेवायचे. लोक आम्हाला शनवार तेली म्हणतात."

"मग इतके दिवस ते तेल परत का नाही केलंत?"

"तेली कधी तेल परत करतो का?"

असा माणूस. बायकोनं मला भाजीवरून बोल लावला आणि मी त्यांच्याकडं गाऱ्हाणं घेऊन गेलो, तरी हे विचारणार, "वहिनी कुठं आहेत? त्यांना बोलवा, मग ऐकतो." मी चिडून परत यायचो.

त्यांची एकच अडचण होती. निजामाच्या अमदानीतली जमिनीची सगळी कागदपत्रं उर्दूत, आणि यांना उर्दूचा अलिफ ठाऊक नाही. कागद वाचायचे मुन्शीजी. तहसिलीतले जुने कारकून, पांढरी दाढी, काळी टोपी, कानाला नेहमी अत्तराचा फाया. पहिल्याच महिन्यात दोघांचं जमलं. मुन्शीजी कागद वाचत, साहेब नकाशा काढत, आणि दुपारी डबे सोडले की मुन्शीजी त्यांना एकेक अक्षर शिकवत. एकदा साहेबांच्या घरी त्यांच्या कुठल्याशा नवसाचा मलिदा झाला, पोहे, गूळ, खोबरं घालून. मुन्शीजींनी चव घेतली आणि म्हणाले, "अजी, मलिदा तर आमचा! पन पोह्याचा? मलिदा चपातीचाच पायजे." त्या वादाचा निकाल दहा वर्षांत लागला नाही.

माझ्या टपालाच्या थैलीतून दोघांनाही परदेशी पाकिटं यायची. साहेबांना त्यांच्या मेव्हण्याची इस्राएलहून, मुन्शीजींना धाकट्या भावाची कराचीहून. दोन्हींतला मजकूर एकच असावा असं माझं अनुमान होतं आणि ते खरं निघालं. इकडं या. अठ्ठेचाळीस सालच्या पोलीस ॲक्शनच्या धामधुमीत मुन्शीजींनी काय काय पाहिलं ते त्यांनी कधी तोंडातून काढलं नाही. एवढंच म्हणायचे, "भाऊ गेला. म्या न्हाय गेलो. अब्बाची कबर हितं हाय."

साहेबही जायचं नाव काढत नव्हते. एकदा मेव्हण्यानं लिहिलं की तिकडचे धर्मगुरू हिंदुस्थानातून आलेल्या ज्यूंना लग्नाच्या वेळी विचारतात, तुम्ही खरे ज्यू कशावरून? आईची आई कोण, तिची आई कोण, दाखला द्या. साहेबांनी हे वाचून दाखवलं तेव्हा मुन्शीजी पोट धरून हसले. "म्हंजे तिथंबी वारसाचा दाखला! साहेब, कागूद मलाच वाचाय लागतोय बघा!" साहेबही हसले, पण त्या दिवशी डब्यातली अर्धी भाकरी तशीच राहिली.

साहेबांची पोरगी लग्नाला आली तेव्हा घरात जायची भाषा सुरू झाली. परंड्यात त्यांच्या जातीचं एकच घर, मुंबईकडची घरं भराभरा रिकामी होत होती, बायकोची आई, भाऊ, बहिणी सगळे तिकडं. आणि त्याच वर्षी, सदुसष्टच्या जूनमध्ये, तिकडं इस्राएल आणि अरबांची ती सहा दिवसांची लढाई झाली. माझ्या टेबलावरच्या ट्रान्झिस्टरभोवती रोज दहा माणसं. साहेब आणि मुन्शीजी दोघंही यायचे आणि दोघंही एकमेकांकडं न बघता ऐकायचे.

लढाई थांबली त्या आठवड्यात लढाईआधी निघालेलं मेव्हण्याचं पत्र आलं. साहेबांनी माझ्यासमोरच फोडलं. लोद नावाच्या गावात त्यांच्यासाठी घर बघून ठेवलं होतं, जुनं, दगडी, ऐसपैस.

"जुनं म्हंजे कुनाचं?" मुन्शीजींनी विचारलं.

साहेबांनी पत्राची घडी केली. "मला काय माहीत?"

"दहा सालं झाली, गावोगाव इचारत फिरताव, लगतवाला आला का. आता सवताच्या घराचं एवढंच इचारलं तर माहीत न्हाय?"

"मुन्शीजी, आमची माणसं तिकडं जर्मनीत लाखांनी मारली. तेव्हा कुणी दार उघडलं? आमच्या प्रार्थनेत दोन हजार वर्षं त्याच मातीचं नाव आहे. आम्हाला जगात एक कोपरा नको?"

"पायजे की. न्हाय कोन म्हनतं? पन त्या कोपऱ्यात पिढ्यान्‌पिढ्या नांगर धरलेली अरब मानसं व्हती. ती वीस साल तंबूत हायत. त्यास्नी कोपरा नको?"

"लढाई काय आम्ही एकट्यांनी सुरू केली?"

"लढाई कुनी केली ते म्या इचारत न्हाय. घर कुनाचं ते इचारतो."

साहेबांचा चेहरा लाल झाला. दहा वर्षांत मी त्यांचा आवाज चढलेला ऐकला नव्हता, तो त्या दिवशी ऐकला. "मग तुमचा भाऊ कराचीत कुणाच्या घरात राहतो, मुन्शीजी? ते घर त्यानं बांधलं?"

मुन्शीजी उठले, चपला घातल्या आणि गेले. कराचीचं त्यांचं पाकीट माझ्या टेबलावर तसंच पडून होतं.

आता नेमकी याच वेळी माझी स्वतःची मोजणी ठरलेली. सोनारीला आमचं वडिलोपार्जित रान आहे, शेजारी चुलतभाऊ दत्तूचं. दत्तू दरवर्षी नांगराची एक ओळ माझ्या बांधात घालतो, अशी माझी तक्रार. मीच बांध कोरतो, अशी त्याची. सहा वर्षं आम्ही एकमेकांशी बोललो नव्हतो. भैरोबाच्या जत्रेतसुद्धा तोंड फिरवून नारळ फोडायचो. पाऊस लांबला म्हणून मोजणी पुढं ढकलली नाही. तर त्या रानात आम्ही चौघं, म्हणजे भांडलेल्या दोन जोड्या, आणि एकही जोडी आपसांत बोलती नाही.

साहेबांनी एक टोक माझ्या हातात दिलं, दुसरं दत्तूच्या. मुन्शीजी जुना कागद घेऊन दगडावर बसले, साहेबांकडं पाठ करून. "मास्तर, तुमच्या साहेबास्नी सांगा, उगवतीची बाजू अमुक साखळ्या."

"मास्तर, त्यांना विचारा, ती विहिरीपासून की दगडापासून?"

मी इकडून तिकडं निरोप देत राहिलो. साखळी ताणलेली, दत्तू टोकाला लांब, त्याला काही ऐकू जाईना. शेवटी मला ओरडावंच लागलं, "दत्त्या, दोन पावलं मागं सर!" सहा वर्षांनी त्याच्याशी बोललेलं माझं हे पहिलं वाक्य.

दत्तू सरकला नाही. साखळी खाली टाकली, कमरेवर हात ठेवले आणि म्हणाला, "साहेब, म्या अडानी मानूस. पर आमच्या दोघांच्या हातात साखळी देताव, आन्‌ तुमचं दोघांचं काय? तुमच्या हातात कोन देनार?"

मला हसू फुटलं. साहेबांना नाही फुटलं. ते गेले आणि मुन्शीजींच्या समोर ढेकळांत बसले.

"मला जावं लागणार," ते म्हणाले. "पोरीसाठी. तिच्या आईसाठी. आणि मलाही जायचं आहे, खोटं कशाला बोलू. पण माझ्या माघारी तुम्ही मला चोर म्हणावं, हे मला सोसणार नाही."

मुन्शीजींनी हातातला कागद सरळ केला. मग म्हणाले, "तुमी भावाचं बोललाव ते लई झोंबलं. झोंबलं म्हंजे खरं व्हतं. म्या त्याला लिवलंय, तू ऱ्हातो ते घर कुनाचं व्हतं, कळव. तुमीबी तिकडं गेल्यावर इचारा. आन्‌ मला कळवा. मी तुमास्नी चोर न्हाय म्हननार. पन मी इचारत ऱ्हानार."

"विचारत राहा," साहेब म्हणाले.

मोजणी पुरी झाली. उत्तरेच्या टोकाला दत्तूनं माझा दीड हात खाल्ला होता, दक्षिणेला माझं रान कसणाऱ्या वाटेकऱ्यानं त्याचा दोन हात. नवे दगड रोवले तेव्हा दत्तू पहार मारत होता आणि मी माती ओढत होतो. मग दत्तूच्या घरी त्याच्या बायकोनं मला जेवायला वाढलं, तूप सढळ.

पुढच्या वर्षी ते गेले. कुर्डूवाडीच्या एसटीत ट्रंका चढवल्या, पोरगी रडली, बायको रडली. मुन्शीजींनी डबा दिला, चपातीच्या मलिद्याचा. साहेब पुन्हा परंड्याला आले नाहीत. भिंतीपलीकडं एक ग्रामसेवक राहायला आला आणि शनिवारीसुद्धा मोठमोठ्यानं खाकरू लागला. मला ते दिवस फार जड गेले, हे सांगायला लाज कसली?

सात-आठ महिन्यांनी जाड पाकीट आलं. पत्ता मुन्शीजींचा, अक्षर साहेबांचं, पण उर्दूत, शाळकरी पोराच्या वळणाचं. मुन्शीजींनी माझ्या टेबलाशी बसून वाचलं. शेजारी एक म्हातारा अरब आहे, अठ्ठेचाळीसच्या गडबडीत मागं राहिलेला. त्याची भाषा मला येत नाही, माझी त्याला येत नाही. मी काठीनं मातीत घर काढलं आणि हात हलवून विचारलं, कुणाचं? मग त्यानं घरमालकाचं नाव आणि पत्ता लिहून दिला. अक्षरं उर्दूसारखीच, तुमच्या कृपेनं मला वाचता आली. तो माणूस जॉर्डनमध्ये अम्मानला आहे, पत्ता सोबत. इथून तिकडं टपाल जात नाही. तुमच्याकडून जातं का, मास्तरांना विचारा.

सोबत त्या घराचा नकाशा होता. भिंत न्‌ भिंत मोजलेली. खाली दोन ओळी: मालक म्हणून त्या माणसाचं नाव, राहणार म्हणून स्वतःचं.

मी पोस्टाचं जाडं पुस्तक काढलं. टपाल जात होतं. परंड्याहून लोदला जात होतं आणि परंड्याहून अम्मानलाही. त्या दोन गावांना एकमेकांकडं जायला जी वाट नव्हती, ती आमच्या खिडकीतून होती. मुन्शीजींची अरबी कुराणापुरती. मशिदीतल्या मौलवींना शेजारी बसवून त्यांनी तीन दिवस पत्र लिहिलं, चार कागद फाडले. नकाशा आत घातला. भावाचं उत्तर आलं का, असं मी विचारलं नाही. मला माहीत होतं, आलं नव्हतं.

उत्तर अम्मानहून आलं, तेही पाचव्या महिन्यात. मी स्वतः मुन्शीजींच्या घरी घेऊन गेलो. मौलवींना बोलावलं. तो मजकूर मला अजून पाठ आहे.

'नकाशा पाहिला. खोल्या बरोबर आहेत. एक गोष्ट राहिली. मागच्या बाजूला छताला पाण्याची पन्हळ आहे, खालून दिसत नाही. दरवर्षी पावसाआधी ती साफ करावी लागते, नाहीतर उगवतीच्या खोलीत ओल येते. आधी माझे वडील करायचे, नंतर मी. घर आमचं आहे. आम्ही येणार आहोत. तोवर पन्हळ तुंबू देऊ नका.'

मुन्शीजींनी चष्मा काढला. "मास्तर," ते म्हणाले, "साहेबाच्या मोजनीत चूक निगाली." हसत होते की रडत होते, ते त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं. माझंही तसंच झालं होतं.

ते पत्र उर्दूत उतरवून आम्ही लोदला धाडलं. दोन महिन्यांनी पोस्टकार्ड आलं, चारच ओळींचं.

'शिडी लावून चढलो. पन्हळ आहे. पालापाचोळा काढला, ओल थांबली. त्यांना कळवा.'

मुन्शीजींनी तिथंच माझ्या टेबलावरचं एक पाकीट ओढलं, टाक दौतीत बुडवला आणि अम्मानचा पत्ता लिहायला घेतला.