यल्लीच्या कागदावर मी अंगठा दिला नाही

डॉक्टरनं माझ्या तोंडात बोट घातलं तेव्हा मी नऊ वर्षांची होते.

गिरणीच्या ऑफिसापुढं पोरापोरींची रांग. डॉक्टर खुर्चीवर. त्यानं माझा ओठ वर केला, बाजारात वासराचे बघतात तसे दात बघितले.

"बारा," तो म्हणाला.

मागनं आई घाईनं बोलली, "व्हय, बाराच."

डॉक्टरनं बोट रुमालाला पुसलं. रुमाल टाकून दिला. शेजारचा मुकादम हसला. "पुढची आना."

आईवर माझा राग नाही. बाप छातीच्या आजारानं पडून होता. नऊ म्हटलं असतं तर काम मिळालं नसतं.

मला सूतखात्यात घातलं. भरलेल्या बॉबिनी काढायच्या, रिकाम्या चढवायच्या. साच्याखाली, म्हणजे सूत कातायच्या यंत्राखाली, साठलेला कापूस झाडायचा. साचा चालू असतानाच. तो बंद करून झाडायचा असा कायदा होता म्हणे. आम्हाला कोण सांगणार? तपासणीचा साहेब आला की मुकादम आम्हा बारक्या पोरींना कापसाच्या गोदामात कोंडायचा. खोकला यायचा. परकराचा बोळा तोंडात धरून बसायचं. साहेबाचे बूट दारावरनं निघून जायचे.

अशी चार वर्षं गेली.

यल्ली माझ्याच साच्यावर होती. अकरा वर्षांची. भवानी पेठेतल्या तेलंगी विणकराची पोर. काम करताना ती मला तेलुगूत आकडे शिकवायची. मी चुकले की खदाखदा हसायची.

त्या दुपारी मुकादमानं तिला खाली झाडायला घातलं. ती वाकली. किंकाळी आली. तिचा हात दातेरी चाकात गेला होता.

साचा बंद करायचा खटका माझ्या हाताशी होता. मी हात पुढं केला.

"खबरदार!" मुकादम ओरडला. "खात्याच्या मास्तरला इचारल्याबिगर बंद करायचा न्हाय."

आणि मी थांबले. हे लिहिताना लाज वाटते, पण थांबले. पलीकडच्या साच्यावरच्या म्हाताऱ्या काशीबाईनं धावत येऊन खटका ओढला. तोवर यल्लीची तीन बोटं गेली होती.

तिसऱ्या दिवशी मला मास्तरच्या खोलीत बोलावलं. मास्तर म्हणजे आमच्या खात्याचा साहेब. बाहेर पायरीवर यल्लीची आई बसली होती. तिला मराठी वाचता येत नव्हतं. तिच्या अंगठ्याला निळी शाई होती. माझ्याकडं बघून म्हणाली, "दवाखान्याचा कागद हाय म्हनले."

आत कारकुनानं तोच कागद, तिचा निळा अंगठा उमटलेला, मला वाचून दाखवला. मुलगी खेळत होती. मनाई केली असताना तिनं यंत्रात हात घातला. चूक तिचीच.

"तू साक्षीदार," मास्तर म्हणाला. "अंगठा दे आणि कामावर जा."

कारकुनानं माझा अंगठा धरून शाईत दाबला. कागदाकडं नेला. मी हात हिसकला. शाई परकराला पुसली.

"ती खेळत न्हवती. मुकादमानं तिला खाली घातली. साचा चालू हुता."

"तू कोण सांगणारी?"

"मी तितंच हुते की."

"हिला गेटाबाहेर काढा," मास्तर म्हणाला. त्यानं मान वर केली नाही.

घरी आईनं मारलं नाही. भाकरी थापताना एकदाच म्हणाली, "दिला असतास तर काय झालं असतं?"

कागद त्यांच्याकडंच राहिला. यल्लीला भरपाईचं काही मिळालं नाही. तिच्या बापानं मागावर बसवून बघितली, पण त्या हाताला धागा धरता येईना. मी बिड्या वळल्या. शेजारच्या एका पोराकडनं अक्षरं शिकले. दुसऱ्या गिरणीत लागायला तीन वर्षं गेली.

आता मी मोठी बाई आहे. पाय सुजतात. खोकला हटत नाही. मुकादम इथंही तसलाच आहे. नव्या पोरी येतात, दात दाखवून आलेल्या, आणि तो त्यांना झाडू देऊन खाली घालायला बघतो.

त्याला मी तोंडावर सांगून ठेवलंय. साचा थांबल्याशिवाय माझ्यासमोर कुठलीही पोर खाली वाकणार नाही. मी विचारायला जाणार नाही. मला काढायचं तर काढा. जाताना साचा बंद करूनच जाईन.