कॅचरच्या मागचे साडू

सरकारी नोकरीतून सुखरूप निवृत्त झाल्यावर, पेन्शन वेळेवर खात्यात पडत असताना, निव्वळ हौसेखातर माझ्या साडूंइतका मार खाल्लेला दुसरा माणूस अख्ख्या रत्नागिरी जिल्ह्यात सापडणार नाही. मार म्हणजे खरोखरचा मार. खांद्यावर, बरगडीवर, मांडीवर आणि एकदा तर चारचौघांत सांगायची पंचाईत अशा ठिकाणी बसलेला. मारणारे कोण, तर सातवी-आठवीतली पोरं, आणि त्यांच्या मनात तसं काही नसायचंही. आमचे साडू शालेय बेसबॉलचे पंच. पिचरने चेंडू फेकायचा, बॅटवाल्याने तो चुकवायचा आणि कॅचरने तो धरायचा, असा माझ्या समजुतीप्रमाणे त्या खेळाचा साधा संकेत आहे. त्यातली पहिली दोन कामं आमच्याकडे बिनबोभाट पार पडतात. तिसऱ्याची पाळी आली की कॅचर बाजूला होतो आणि त्याच्या मागे पाय रोवून उभे असलेले साडू चेंडू अंगावर घेतात.

इतक्या वर्षांत एखादा तरी धड कॅचर भेटला नाही का, असं कोणीही विचारेल. मीही विचारलं होतं. त्याचं कारण आमच्या शाळांच्या रीतीत आहे. ज्याला जोरात धावता येतं तो मैदानात लांब उभा राहतो, ज्याचा हात चालतो तो पिचर होतो, आणि जो उरतो त्याच्या तोंडावर जाळीचा मुखवटा चढवून त्याला कॅचर करतात. हा उरलेला जीव पहिलं वर्ष घाबरण्यात घालवतो, दुसरं जरा कमी घाबरण्यात, आणि तिसऱ्या वर्षी कुठे हात बसायला लागला की त्याची दहावी येते. दहावी आली की आमच्याकडे खेळ, टीव्ही, मामाचं गाव सगळंच बंद. त्यामुळे साडूंच्या पुढ्यात दर दोन-तीन वर्षांनी नवी पाठ आणि नवी भीती. एक बागायतदाराचा मुलगा होता. आंबे उतरवताना झाडाखाली धरतात तसा तो हातमोजा खालून वर धरून बसायचा आणि चेंडू देठापासून सुटून आपोआप खाली येईल म्हणून वाट बघायचा. एकाला मध्येच मागे वळून बघायची सवय होती. आई डबा घेऊन आली का, एवढंच त्याला बघायचं असे. एक मुलगी उकिडवी बसून बसून पायाला मुंग्या आल्या की अलगद मागे कलायची आणि साडूंच्या पायांवर येऊन टेकायची. साडू तशाच स्थितीत हात उंचावून "स्ट्राइक" म्हणून मोकळे व्हायचे.

या खेळात ते शिरले ते मोजणीच्या वाटेने. नोकरीत ते मोजणीदार होते. शेताची, बागेची हद्द कुठून कुठे जाते ते टेप धरून ठरवायचं, हे काम. कातळावरच्या एका शाळेने मैदान आखून द्यायला त्यांना एका रविवारी बोलावलं. साडूंनी आधीचा, क्रीडाशिक्षकांनी पावलांनी मोजून आखलेला चौकोन तपासला, तर एक बाजू दीड फूट तोकडी निघाली. "इतकी वर्षं तुमची पोरं चुकीच्या जागी धावतायत," असं त्यांनी मुख्याध्यापकांना तोंडावर सांगितलं. चौकोन नीट आखून झाल्यावर तो लागतो तरी कशाला, हे बघायला ते थांबले, आणि तेवढ्यात एका चेंडूवरून दोन शाळांच्या शिक्षकांची जुंपली. दोन माणसं एका रेषेवरून भांडतायत आणि मधे कोणीतरी गप्प उभं राहायला हवं आहे, हे दृश्य साडूंना नवीन नव्हतं. दोन चुलतभाऊ हद्दीच्या दगडी गडग्याच्या दोन बाजूंनी एकमेकांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत असताना टेपचं टोक सोडायचं नाही, यात त्यांचा जन्म गेला होता. पुढच्या आठवड्यात त्यांनी नियमांचं पुस्तक मिळवलं, परीक्षा दिली आणि मुखवटा चढवला.

पंच झाल्यावर हा माणूस मैदानाबाहेरही पंचच राहिला. सामन्याच्या दिवशी एका शाळेचा चहा घेतला तर पक्षपात होईल म्हणून ते दोन्ही शाळांकडून अर्धा अर्धा कप घेत, आणि दोन्हीकडे सारखाच घोट शिल्लक ठेवत. लग्नाला गेले तर मुलीकडच्यांत बसावं की मुलाकडच्यांत, या पेचात मांडवाच्या खांबाला टेकून उभे राहत. आमच्या दोघांच्या बायका सख्ख्या बहिणी, त्यांची थोरली, माझी धाकटी. एकदा गणपतीत दोघींनी सोलकढी केली होती आणि माझ्या बायकोने त्यांना सरळ विचारलं, "भावजी, खरं सांगा, कोणाची चांगली झालीय?" साडूंनी दोन्ही वाट्या संपवल्या, रुमालाने ओठ टिपले आणि म्हणाले, "चव कुठून गेली ते मला नीट दिसलं नाही. मधे भात होता." मी त्या दिवशी माझ्या बायकोची बाजू घेतली आणि थोरल्या ताईंनी मला दिवाळीपर्यंत चकलीला विचारलं नाही. न्यायबुद्धीचे फायदे असे कळतात.

घरी आल्यावर शर्ट काढला की अंगावरचे काळेनिळे डाग ते तालुक्यांच्या नावाने ओळखत. खांद्याखालचा चिपळूणचा, बरगडीवरचा गुहागरचा, कोपराजवळचे दोन लहान म्हणजे राजापूर आणि लांजा. मोजणी खात्यातल्या माणसाला जमिनीवर नकाशा काढून पुरे पडलं नाही म्हणून त्याने अंगावर काढायला घेतला, असं मी म्हणे. ताई तव्यावर फडकं गरम करून शेकत आणि शेजारणीशी बोलता बोलता सांगत, "दापोली उतरली हो, पण संगमेश्वर अजून ठणकतंय." शेजारीण बिचारी पावसाचंच काहीतरी असेल समजून मान डोलवायची. ताईंचा राग चेंडूवर नव्हता, या माणसाच्या न हलण्यावर होता. चेंडू येताना दिसतो, अंगावर छातीपाट असली तरी ती सगळीकडे पुरत नाही, मग माणसाने जरा सरकावं की नाही? मीही एकदा त्यांना हेच विचारलं.

"मी हललो की पोराला पाठीला कळतं वो," साडू म्हणाले. "मागचा माणूस पळतोय म्हटल्यावर पुढच्याने कशाला थांबायचं?"

पंचाला खेळाडूला शिकवता येत नाही. कॅचरने डोळे मिटले तरी "मिटू नको" म्हणायची सोय नाही. म्हटलं तर ती त्या शाळेची बाजू घेतल्यासारखी होते. सामना सुरू होण्याआधी ते दोन्ही बाजूंच्या कॅचरना फक्त नाव विचारत, जेवलास काय म्हणून विचारत आणि सांगत, "मी मागे आहे." एवढ्यावरच त्यांचा सगळा कारभार. त्यांच्या मनात मात्र एक इच्छा होती, आणि ती त्यांनी मला एकदाच, तीही मासळी घेऊन मिरकरवाड्याहून परत येताना बोलून दाखवली. एक सामना कोरडा जायला हवा. पहिल्या चेंडूपासून शेवटच्यापर्यंत अंगाला काही लागायला नको. स्वतःला मार वाचावा म्हणून नव्हे. आपल्या पुढ्यात बसलेल्या एका तरी पोराची भीती पुरती गेली, हे एकदा बघायचं होतं.

मग गेल्या वर्षी नववीतल्या एका मुलाच्या चेंडूने त्यांच्या खांद्याच्या हाडाला तडा गेला. हात सहा आठवडे गळ्यात. ताई चिडल्या नाहीत, उलट त्यांचा आवाज एकदम खाली गेला, आणि हे चिडण्यापेक्षा वाईट. त्यांनी शपथ घालून ठरवून घेतलं, की हात बरा झाला तर पुढचा एक मोसम, त्यानंतर मुखवटा माळ्यावर. साडूंनी कबूल केलं. म्हणजे कोरडा सामना मिळायचा तर या वर्षीच मिळायला हवा होता.

त्यांची सगळी आशा एका मुलीवर होती. लांज्याच्या आतल्या गावची मुलगी, वडील मुंबईत कामाला, आई घरची भातशेती बघणारी. सातवीत ती पहिल्यांदा कॅचर म्हणून बसली तेव्हा चेंडू पिचरच्या हातातून सुटायच्या आधीच डोळे घट्ट मिटून घेई, आणि धप्प आवाज झाला की उघडून चेंडू कुठे गेला ते सगळ्यांना विचारत फिरे. चेंडू साडूंना लागून त्यांच्याच पायाशी पडलेला असे. आठवीत ती एक डोळा उघडा ठेवायला लागली. हे साडूंनी मला नातवाने पहिलं पाऊल टाकल्याच्या थाटात सांगितलं होतं. आता ती नववीत होती, जूनमध्ये दहावी, म्हणजे तिचंही हे शेवटचंच वर्ष. तिची शाळा जिल्ह्याच्या अंतिम सामन्यात आली होती. जिंकणारी शाळा विभागीय स्पर्धेला कोल्हापूरला जाणार होती, आणि त्या शाळेतून आजवर कोणी कुठे गेलं नव्हतं.

ताईंनी माझी नेमणूक केली. "तुम्ही सोबत जा, आणि छातीपाटीचा पट्टा नीट आवळतात का बघा." मी क्रिकेटशिवाय दुसरा खेळ न मानणारा माणूस, पण स्कूटर काढली. मैदानाच्या कडेला काजूच्या झाडाखाली जागा धरून बसलो, तर शेजारी एक बाई येऊन बसल्या. पहाटेची एसटी धरून आल्या होत्या, डोळ्यांत चिंता. थोडा वेळ खेळ बघून त्यांनी मला हळूच विचारलं, "काका, सगळी पोरं उभी हायत, आमचीच तेवढी बसवून ठेवलीय. काय चुकला काय तिचा?"

ती त्याच मुलीची आई होती. कॅचरला बसावंच लागतं, ती शिक्षा नव्हे, हे मी त्यांना समजावलं. त्यांना पटलं की नाही कोण जाणे, पण त्या दिवशी मला पहिल्यांदा खेळात रस आला. चेंडू येत होता आणि पोरीच्या हातमोज्यात जाऊन बसत होता. एक जमिनीवर आपटून उसळला, तो तिने छातीवर घेतला आणि उचलला. एक डोक्यावरून चालला होता, तो तिने उभं राहून काढला. तिच्या मागे साडू नेहमीसारखेच खांबासारखे उभे, पण अंगाला काही लागत नव्हतं. दुसऱ्या शाळेची कॅचरही त्या दिवशी कुठून बळ आणून आली होती देव जाणे. एक चेंडू बॅटला चाटून मागे उडाला, तोही साडूंच्या कानाजवळून गेला आणि कुंपणावर आदळला. मी मनातल्या मनात कोरडे गेलेले चेंडू मोजायला लागलो होतो.

शेवटच्या डावापर्यंत बरोबरी होती. समोरच्या शाळेची एक मुलगी दुसऱ्या बेसवर, म्हणजे चौकोनाच्या दुसऱ्या कोपऱ्यावर उभी. बॅट लागली, चेंडू डाव्या बाजूला लांब गेला, आणि ती मुलगी तिसरा बेस ओलांडून सरळ होम प्लेटकडे धावत सुटली. ती पोचली तर लांज्याची शाळा हरणार. लांबून चेंडू फेकला गेला. आमची पोरगी मुखवटा भिरकावून प्लेटजवळ उभी राहिली. एकीकडून धावत येणारी तिच्याहून वीतभर उंच मुलगी, दुसरीकडून चेंडू, आणि ही जागची सरकली नाही. चेंडू धरला, वाकली, घसरत आलेल्या मुलीच्या पायाला हातमोजा टेकवला. लाल धुरळा उठला. सगळं मैदान साडूंकडे बघत होतं.

साडू वाकलेलेच राहिले. एरवी त्यांचा निकाल चेंडूच्या मागोमाग येतो. त्या दिवशी मला वाटलं, त्यांना उठायलाच होत नाहीये. मग त्यांनी दोन्ही हात आडवे पसरले. सेफ, म्हणजे नाबाद. पाय आधी पोचला होता. कोल्हापूर गेलं.

तिचे सर तावातावाने आत धावले. "पंच, तुम्ही बघितलंत तरी काय?" असं त्यांनी सुरू केलं, तेवढ्यात ती पोरगी मधे आली. गुडघे खरचटलेले, तोंडभर लाल माती.

"सर, सेफच आहे," ती म्हणाली. "पाय आधी लागला. मी बघितलं."

तिचा आवाज रडवेला होता, पण ती रडली नाही. माझ्या शेजारच्या बाईंनी विचारलं, "काका, काय झाला?" मी म्हटलं, "हरली." त्या उठल्या, पदर खोचला आणि मैदान ओलांडून लेकीकडे गेल्या. तिच्या तोंडावरची माती पदराने पुसताना मला लांबूनही दिसत होत्या. दोन्ही शाळा निघून जाईपर्यंत साडू तिकडे पाठ करून, नको तितका वेळ, प्लेटवरची माती झाडत राहिले.

परतताना स्कूटरवर ते मागे बसले होते. नाक्यावर सिग्नलला थांबलो तेव्हा मीच म्हटलं, "आज सामना कोरडा गेला की तुमचा."

"हां?" ते म्हणाले. मग खांद्याला, कोपराला हात लावून बघितला. त्यांच्या हे लक्षातच आलं नव्हतं. "गेला खरा."

मला वाटलं, पोरगी हरली म्हणून वाईट वाटत असेल, आणि वाटतच होतं. बाजारपेठ मागे पडल्यावर ते माझ्या कानाशी वाकून बोलले.

"आजवर प्रत्येक पोराला मीच सांगत आलो वो, काय झालं ते. त्यांचे डोळे मिटलेले असायचे. आज मला सांगावंच लागलं नाही. तिलाच दिसलं."

शपथेप्रमाणे तो त्यांचा शेवटचा सामना ठरला. त्या संध्याकाळी घर जवळ आलं तसा मी स्कूटरचा वेग उगाचच कमी केला.