पाच रंगांचा रुमाल

त्या रुमालाचा विषय निघाला की आजही माझी कानशिलं तापतात. घरचे म्हणतात, इतकी वर्षं झाली, सोड आता. मी सोडत नाही.

आई मी लहान असतानाच गेली, म्हणून बाबा मला घेऊन डोंबिवलीला काकांच्या बिऱ्हाडात राहायला आले. दोन खोल्या आणि पुढे पडवी. तिथे चालायचं ते काकूंचं. मी मॅट्रिकच्या वर्गात होते. काकूंची मुलगी, माझी ताई, माझ्याहून थोडी मोठी, तिच्यासाठी स्थळं बघणं चाललं होतं. दोन ठिकाणांहून नकार आले होते आणि त्यामुळे काकूंचं तोंड कायम आंबलेलं असायचं.

मला क्रोशाचं वेड होतं. शाळेतल्या शिवणाच्या बाईंनी पांढऱ्या दोऱ्याचा साधा रुमाल शिकवला, पण एका रंगात माझा जीव रमेना. मला पानं हिरवी हवी होती, फुलं लाल, त्यांच्या पोटात पिवळा ठिपका, कडेने निळी वेल आणि बाकी सगळं पांढरं. पाच रंग एका वेळी चालवायचे म्हणजे पाच गुंडे सांभाळायचे. पहिल्या खेपेला सगळे दोरे एकमेकांत असे गुरफटले की मी रडकुंडीला आले. मग एकेक युक्ती सापडत गेली. प्रत्येक गुंडा वेगळ्या भांड्यात ठेवायचा. ओळ संपली की काम एकदा डावीकडून फिरवायचं आणि पुढच्या ओळीला उजवीकडून, म्हणजे दोऱ्यांना पडलेला पीळ आपला आपण सुटतो. ज्या रंगाची पाळी नाही तो दोरा खालच्या ओळीच्या माथ्यावर आडवा धरायचा आणि चालू रंगाच्या टाक्यांनी त्याला आत झाकत न्यायचं. फार ओढला तर रुमाल आक्रसतो, सैल सोडला तर पांढऱ्यातून लाल डोकावतो. आणि नवा रंग नव्या टाक्याला घ्यायचा नाही, आधीच्या टाक्याचा शेवटचा फासच नव्या रंगाने ओढायचा. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. उसवून उसवून कळलं होतं.

काकूंना माझ्या भांड्यांचा भयंकर राग.

"पेले अडकवलेस, तपेली अडकवलीस, आता आमटी काय ओंजळीत वाढू?"

मी निमूटपणे चिरलेले कप आणि चहाचे रिकामे डबे गोळा केले. तेही त्यांना खुपायचे. कोपरा अडवतेस, केर काढता येत नाही, मुलीच्या जातीला एवढा वेळ कुठून मिळतो. पण तो रुमाल पुरा झाला तेव्हा त्या घरात दुसरी शोभेची वस्तू नव्हती. मी तो घडी करून माझ्या ट्रंकेत ठेवला आणि त्याच्या जोडीचा दुसरा सुरू केला.

ठाण्याहून ताईला बघायला मंडळी यायची होती. मी शाळेतून आले तर पडवी शेणाने सारवलेली, आतल्या खोलीत उसनं आणलेलं टेबल आणि टेबलावर माझा रुमाल. माझी ट्रंक उघडून काढलेला. मी कोपऱ्याकडे बघितलं. कप नाहीत, डबे नाहीत. पाचही गुंडे, त्यांना लागलेला अर्धा रुमाल आणि सुई, सगळं एका बाजारच्या पिशवीत कोंबून खुंटीला टांगलं होतं.

"काकू, हे काय केलंत?"

"आवरलं. पाहुणे आल्यावर तुझा पसारा दाखवू? आणि हे बघ, कुणी विचारलं तर रुमाल ताईने केलाय. समजलं?"

ताई आरशासमोर वेणी घालत होती. तिने आरशातून माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. माझ्या तोंडात शब्द जळत होते, पण बाबा दारात उभे होते. त्यांनी नुसता हात वर केला. गप्प बस, असा.

मंडळी आली. मुलगा, त्याचे वडील आणि आई. पोहे झाले. मुलाच्या आईने रुमाल उचलला आणि आधी उलटा करून पाहिला. जाणती बाई होती. मागून एकही शेपूट लोंबत नव्हतं, कुठे गाठ दिसत नव्हती.

"हे कुणी केलं?"

"हिनेच," काकू म्हणाल्या. "हात फार गोड आहे हिचा."

"मग चार टाके घालून दाखव ना, बाळ. मला हे रंग बदलणं कधी जमलं नाही."

ताई पांढरीफटक पडली. तिला साधी साखळीसुद्धा येत नव्हती. काकूंनी मला हाक मारली, "अगं, ताईचं विणकाम आण."

मी पिशवी आणली आणि सगळ्यांच्या समोर सतरंजीवर उपडी केली. पाच रंगांचा एकच गोळा बाहेर पडला. अर्ध्या रुमालातून सुई निसटली होती आणि टाके उसवत गेले होते. माझे कितीतरी दिवस तिथे भुईवर पडले होते.

"घरात लहान मुलं येतात शेजारची, हात लावतात," काकू घाईघाईने म्हणाल्या.

"मुलांनी नाही, काकू, तुम्ही भरलंत. आणि हे ताईचं नाही. माझं आहे. दोन्ही माझी आहेत."

मी बाबांकडे बघितलं. त्यांनी मला संध्याकाळ संध्याकाळ पडवीत बसून विणताना पाहिलं होतं. रंगही त्यांनीच आणून दिले होते. एवढंच म्हणायचं होतं, हो, तिचं आहे.

"आत जा," बाबा म्हणाले.

मी आत गेले. चुलीजवळ उभी राहिले. काकूंचं खोटं समजण्यासारखं होतं, त्यांच्या पोरीचा प्रश्न होता. बाबांचं ते "आत जा" मात्र मला कधीच गिळता आलं नाही. बाहेरून मुलाच्या आईचा आवाज आला, "हा रुमाल मी नमुन्याला नेऊ का?" आणि काकू म्हणाल्या, "न्या की, तुमचाच आहे."

चार-आठ दिवसांनी निरोप आला. मोठी नको, धाकटी पसंत आहे.

काकूंनी मला काय काय म्हटलं ते लिहीत नाही. ताईने बोलणंच टाकलं. मी बाबांना सांगितलं, मला लग्न करायचं नाही, मला परीक्षा द्यायची आहे. ते ऐकतच नव्हते, काकांशी खलबत करत होते. शेवटी नकार कळवला, पण का? तर मोठी असताना धाकटीचं केलं तर लोक काय म्हणतील! माझ्या नाहीला कुणी विचारलंच नव्हतं.

त्याच आठवड्यात मी शाळा बुडवून एकटी ठाण्याला गेले. तलावपाळीच्या मागे त्यांचं घर होतं, पत्ता काका-काकूंच्या बोलण्यातून ठाऊक झाला होता. दार मुलाच्या आईने उघडलं. मागे खिडकीपाशी मुलगा वर्तमानपत्र वाचत होता. माझा रुमाल त्यांच्या रेडिओवर होता आणि त्यावर पाण्याने भरलेली फुलदाणी. खाली ओलं वर्तुळ पडून लाल रंग पांढऱ्यात उतरला होता.

मी फुलदाणी उचलून जमिनीवर ठेवली आणि रुमाल घेतला.

"अगं, हे काय? तुमच्याकडूनच मिळालाय ना तो?"

"काकूंनी दिला. मी दिला नव्हता."

"मोठ्यांशी असं बोलतात?"

"बोलतात," मी म्हटलं.

बाई रागावल्या, पण त्यांची नजर रुमालावरून हटेना. मी पायरी उतरू लागले तेव्हा त्यांनी आवाज मऊ करून विचारलं, "बरं, एवढं तरी सांग. न लागणारा दोरा लपवतेस कसा?"

पुढे मी किती मुलींना ते शिकवलं, फुकट शिकवलं, हात धरून शिकवलं. त्या बाईंना सांगितलं नाही.

घरी पोचले तेव्हा ताई एकटीच होती, तांदूळ निवडत बसलेली. माझ्या हातातला रुमाल बघून ती सगळं समजली. कितीतरी दिवसांनी ती माझ्याशी बोलली.

"ते घरी होते?"

"कोण?"

ती सुपातले खडे वेचत राहिली. मग माझ्या लक्षात आलं.

"होते."

"काही म्हणाले?"

त्याने वर्तमानपत्रातून डोकंसुद्धा वर काढलं नव्हतं. मी म्हटलं, "नाही."

ताईने सूप बाजूला सारलं आणि पदराने डोळे पुसले. ते स्थळ तिला मनापासून आवडलं होतं, आणि हे त्या घरात कुणाला माहीत नव्हतं, मलाही नाही. मी तिच्या शेजारी बसले. संताप तसाच होता, फक्त आता तो एकट्या माझ्यासाठी नव्हता. तिच्यासाठीही होता, तिला आरशासमोर बसवून खोटं बोलायला लावणाऱ्यांवर होता, वर्तमानपत्र वाचणाऱ्या त्या माणसावरही होता.

पुढच्या वर्षी ताईचं कल्याणला लग्न झालं. बघायला आलेल्या तिच्या सासूबाईंनी विणकामाबद्दल विचारलं तेव्हा तिने सरळ सांगितलं, "मला येत नाही." काकू तिथेच बसल्या होत्या.