तिसऱ्या अंकाआधी उठणाऱ्या कुमुदकाकू

मंदारचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात होते. मंदार हा कुमुदकाकूंचा मुलगा. दिल्लीतच जन्मला, वाढला, आता गुरुग्रामला नोकरी करतो आणि एरवी मला फक्त मेसेज पाठवतो. म्हणून त्याचं नाव दिसताच मी उठून बाहेर जिन्यात गेले. "ताई, आई गेली," तो म्हणाला. "सकाळी चहा घेतला, पेपर मागितला... मी खालून पेपर घेऊन आलो, और बस." मग म्हणाला, "तू ये. इथे कुणाला काही माहिती नाही, कुणाला कळवायचं, काय ते." मी गेले. काकूंचं वय झालं होतं आणि त्रास न होता गेल्या, असं सगळे म्हणत होते. ते खरंही होतं.

पंधरा-वीस दिवसांनी आम्ही दोघं त्यांचा वसुंधरा वस्तीतला फ्लॅट आवरायला गेलो. कपडे, औषधं, देव, सगळं रीतसर आवरून झालं आणि मंदार स्वयंपाकघरात जाऊन उभा राहिला. फडताळाच्या वरच्या कप्प्यात स्टीलचे मोठे कडीचे डबे होते. दोन. प्रत्येकावर काकूंचं नाव घातलेलं. "हे तीन होते ना? एक मिसिंग आहे," तो म्हणाला. तिसरा डबा कुठे आहे हे मला माहीत होतं, पण ते त्याला सांगायचं तर नाटकापासून सुरुवात करावी लागली असती. त्या दिवशी तेवढी ताकद नव्हती. ती गोष्ट आता इथे सांगते.

दिल्लीतल्या जुन्या मराठी लोकांना 'संगीत मेघावती' माहीत आहे. तीन अंकी जुनं नाटक. कंपन्या बदलल्या, नटमंडळी बदलली, तरी काही वर्षांनी कुणीतरी ते पुन्हा उभं करतंच आणि इथल्या मराठी मंडळाच्या आमंत्रणावरून दिल्लीला आणतं. पहिल्या अंकात मेघावतीचं लग्न होतं. दुसऱ्यात तिचा नवरा तिच्यावर खोटा संशय घेऊन निघून जातो. तिसऱ्यात तो बारा वर्षांनी वाटसरूच्या वेषात परत येतो आणि दाराबाहेर उभा राहतो. ती आवाजावरून त्याला ओळखते. आता ती दार उघडते की नाही, हा तिसरा अंक.

मी औशाची. वडिलांचं सायकल दुरुस्तीचं दुकान. घरातली कॉलेज शिकलेली पहिली मी, आणि संगीत नाटक ही वस्तू आमच्याकडे कुणी पाहिलेली नव्हती. स्पर्धा परीक्षेच्या तयारीला दिल्लीला आले, राजेंद्रनगरला एका खोलीत आम्ही तिघी राहायचो. गणपतीत मंडळात जेवायला मिळतं असं मैत्रिणीनं सांगितलं म्हणून गेले. पंक्तीत काकूंनी नाव विचारलं. मी नसीम म्हटल्यावर शेजारच्या बाई जरा थांबल्या, काकू थांबल्या नाहीत. "नसीम, तुला पोळ्या येतात का?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. "मग पुढच्या रविवारी ये. नाटक दाखवते. दोन अंक."

दोन अंक का, ते मला त्या रविवारी कळलं. मंडी हाऊसजवळच्या थिएटरात दुपारचा प्रयोग होता. मी पहिल्यांदाच ऑर्गन ऐकत होते, काही कळत होतं, काही नाही, पण डोळे हलत नव्हते. दुसरा अंक संपून पडदा पडला आणि काकूंनी माझ्या हाताला धरून उठवलं. "चल, रिक्षा मिळायला वेळ लागतो." नाटकातली मंडळी प्रयोग संपला की सामान आवरून थेट नवी दिल्ली स्टेशन गाठायची आणि गाडीत त्यांना जेवण लागायचं. ते काकू करायच्या. पूर्वी काकू गोल मार्केटच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहायच्या, तेव्हा घरीच करायच्या. निवृत्तीनंतर वसुंधराला गेल्यावर त्यांनी लेलेबाईंचं स्वयंपाकघर ताब्यात घेतलं. लेलेबाई पहाडगंजात शाळेवर होत्या, तिथेच राहायच्या, स्टेशनजवळ. त्या किल्ली द्यायच्या आणि स्वतः मात्र शेवटपर्यंत थिएटरात बसायच्या.

पीठ मळून ठेवलेलं होतं. काकू लाटत होत्या, मी भाजत होते, मग मी लाटायला घेतलं. माझी पहिली पोळी त्यांनी हातात धरून उजेडात पाहिली. "ही प्रधानाला," त्या म्हणाल्या. "प्रधान कोण?" "तो नाही का नवऱ्याचे कान भरतो, तो. त्याला असल्याच द्यायच्या." त्या दिवशी प्रधानाला पुष्कळ पोळ्या मिळाल्या. बटाट्याची भाजी, दाण्याची चटणी, पोळ्या, असं तीन कडीच्या डब्यांत भरून आम्ही फलाटावर पोचलो. मेघावती झालेल्या बाई गाडीच्या दारात उभ्या होत्या. तोंडावरचा रंग पुरता गेला नव्हता. त्यांनी डबा घेऊन खालून हात लावून पाहिला. "गरम आहे," एवढंच म्हणाल्या. काकूंचा चेहरा मी तेव्हा पाहिला.

परतताना मी विचारलं, "काकू, पुढे काय होतं? ती दार उघडते का?"

"मला काय माहीत?" काकू म्हणाल्या. "मी कुठे पाहिलाय तिसरा अंक."

मला ती थट्टा वाटली. ती थट्टा नव्हती. फार पूर्वी, त्यांच्या लग्नानंतर थोड्याच वर्षांत, कंपनी पहिल्यांदा आली तेव्हा जेवणाची सोय कुठेतरी फसली आणि एवढं गाऊन बाई बिस्किटं खाऊन गाडीत बसल्या. काका, म्हणजे काकूंचे मिस्टर, त्यांना पोचवायला गेले होते. त्या प्रयोगाला काकू गेल्या नव्हत्या, काकांनी घरी येऊन त्यांना ते सांगितलं. पुढच्या वेळेपासून काकू दुसऱ्या अंकानंतर उठू लागल्या. तिसरा अंक काका पाहायचे आणि रात्री सांगायचे. पण काका मोठे खट्याळ. एका वर्षी सांगितलं, दार उघडते. पुढच्या वर्षी म्हणाले, नाही बुवा, या नव्या बाईंनी काही उघडलं नाही. काकू विचारायच्या, खरं सांगा. ते म्हणायचे, एकदा थांब आणि बघ. "हे गेले," काकू म्हणाल्या, "आणि ते सांगायचंच राहिलं."

"मग कुणालाही विचारायचं ना. लेलेबाईंना."

"त्यांना काय विचारायचं?" त्या म्हणाल्या. "बघायचा आहे मला तो. कधीतरी."

काकू स्वयंपाकाला उठतात हे मंडळात माहीत होतं, पण तिसरा अंक त्यांनी कधीच पाहिलेला नाही हे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. नाटकाचे शौकीन जमले की कुठल्या संचातली मेघावती खरी, यावर भांडण ठरलेलं. सुरुवातीला सांगलीच्या बाई होत्या, मग फोंड्याच्या, आणि आता डोंबिवलीची एक तरुण मुलगी. एकदा निवृत्त अधिकारी चिटणीसकाका डोळे मिटून म्हणाले, "सांगलीच्या बाईंनी दारामागून जे 'कोण' म्हटलं, त्या एका 'कोण'वर अख्खं थिएटर गप्प." त्यावर लेलेबाई म्हणाल्या, "माइक बंद पडला होता, चिटणीस. लोक ऐकू येतंय का ते बघत होते." तिसऱ्या अंकाचा विषय निघाला की काकू चहा बघायला उठायच्या. त्यांचा संचांचा हिशेब वेगळाच होता. डबे गाडीतून जायचे ते पुढच्या दौऱ्याला किंवा कुणी येणार असेल त्याच्या हाती परत यायचे, आणि कुणीही ते रिकामे पाठवायचं नाही. सांगलीच्या बाई बेदाणे पाठवायच्या. फोंड्याच्या बाई आमसुलं, आणि तीही स्वतः वाळवलेली. एका वर्षी नायक झालेल्या माणसानं बाजारातली सोनपापडी भरून पाठवली, तेव्हा काकूंनी त्याच्याबद्दल जे मत केलं ते शेवटपर्यंत बदललं नाही. "गातो बरा," त्या म्हणायच्या. "पण सोनपापडी."

माझी मुख्य परीक्षा दोनदा हुकली. दुसऱ्या वेळी मी औशाला परत जायचं ठरवून सामान बांधलं आणि निरोप घ्यायला वसुंधराला गेले. काकूंनी पाणी दिलं आणि विचारलं, "ती दुसरी परीक्षा दिलीस ना, असिस्टंटची? तिचा निकाल कधी?" अजून दोन महिने होते. "मग दोन महिने इथे राहा. मंदारची खोली रिकामीच आहे." मी राहिले. त्यांनी समजूत घातली नाही, धीरही दिला नाही. सकाळी पेपर अर्धा मला द्यायच्या, अर्धा स्वतः वाचायच्या. निकाल लागला, मी नोकरीला लागले. आज माझ्या घरच्यांना मी दिल्लीत अधिकारी आहे असं वाटतं. मी अधिकारी नाही. पण जी काही आहे ती त्या दोन महिन्यांमुळे आहे, हे इथे लिहून ठेवायला हवं.

म्हणून गेल्या हिवाळ्यात डोंबिवलीच्या मुलीचा नवा संच येणार असं कळलं, तेव्हा मी आधीच मयूर विहारच्या एका डबेवाल्या बाईंना मंडळींच्या जेवणाचं सांगून टाकलं. काकूंना म्हटलं, यंदा तुम्ही उठायचं नाही. त्या म्हणाल्या, "साडी कुठली नेसू?"

आम्ही तिसऱ्या रांगेत बसलो. काकूंच्या पायाशी एक कापडी पिशवी होती, ती त्यांनी मला उचलू दिली नाही. पहिला अंक झाला, मध्यंतर झालं, दुसरा अंक सुरू झाला. नवरा निघून गेला. मग पडदा न पडता दिवे मंद झाले, आणि पुन्हा उजळले तेव्हा एक वाटसरू दाराशी उभा होता. "नवीन काहीतरी घातलंय यांनी," काकू माझ्या कानाशी म्हणाल्या. "दुसऱ्या अंकात हा असा येत नाही." मलाही वाटलं, असेल. दारामागून आवाज आला, कोण. थोडं बोलणं झालं, दार उघडलं. काकू शांतपणे पाहत होत्या, जसं आपण खरी गोष्ट यायच्या आधीचं पाहतो तसं. आणि ऑर्गनवर सूर बदलले. काकूंनी माझं मनगट धरलं.

"नसीम, भैरवी लावली यांनी."

"हो काकू."

"अगं, पण अजून एक मध्यंतर व्हायचंय."

भैरवी झाली, पडदा पडला, लोक उठून टाळ्या वाजवू लागले. नव्या संचात नाटक दोन अंकी केलं होतं. जाहिरातीत ते कुठेच नव्हतं.

लोक पांगल्यावर आम्ही आत गेलो. ऑर्गन वाजवणारे बंडूदादा सांगलीच्या बाईंच्या वेळेपासून साथीला होते. काकूंनी त्यांना सरळ विचारलं, "तिसरा अंक एवढाच?"

"छे हो वहिनी. तो दाराचा प्रवेशच अर्ध्या तासाचा. तो बाहेर, ती आत, आणि ती आतून बोलते. दोन पदं आहेत त्यात. आता लोक बसत नाहीत म्हणून काढलं. कोण म्हणते आणि उघडते."

"म्हणजे उघडते हे खरं."

"उघडते."

"आणि का उघडते ते कापलं."

बंडूदादा हसले नाहीत. "तसंच म्हणा."

"मग मी तो पाहिला असं धरायचं का?"

त्यांनी ऑर्गनचं झाकण लावलं. त्यांना वहिनी दर वेळी कधी उठतात ते ठाऊक असणार, कारण ते म्हणाले, "नका धरू."

"झालं तर," काकू म्हणाल्या आणि पिशवीतून कडीचा डबा काढून त्यांच्या हातात दिला. सकाळी उठून त्यांनी दशम्या केल्या होत्या. बाहेर डबेवाल्या बाईंचं जेवण आलेलं आहे, असं मी म्हटलं. "ते प्लॅस्टिक आहे," काकू म्हणाल्या. "ते परत येत नाही."

टॅक्सीत मी विचारलं, दशम्या सकाळी करता आल्या, तर इतकी वर्षं तसंच का नाही केलं? "दशमी आहे ती. प्रवासाची," त्या म्हणाल्या. "पोळी गरमच द्यायची असते." यमुनेचा पूल आला. काचेवर धुकं होतं. मग त्या जरा वेळानं म्हणाल्या, "पण आज बघायचा होता गं मला. पुढच्या खेपेला आधी विचार, पूर्ण करतात का..."

गेल्या आठवड्यात बंडूदादांची भाची परीक्षेच्या तयारीसाठी दिल्लीला आली. तिच्या हाती तो तिसरा डबा आला, काठोकाठ हळद भरून. त्याच संध्याकाळी बंडूदादांचा फोन आला. काकूंचं त्यांना उशिरा कळलं होतं. ते फार बोलले नाहीत. थंडीत पुन्हा येतोय म्हणाले, आणि दिल्लीचा प्रयोग तीन अंकी करायचा असं संचातल्या सगळ्यांनी ठरवलं आहे, कापलेला भाग त्यांच्याकडे आहे, डोंबिवलीच्या मुलीला दोन्ही पदं बसवून देतोय. मग जरा चाचरत विचारलं, "जेवणाचं... काय करू या?"

मी म्हटलं, मी करते. लेलेबाईंना किल्लीचंही विचारून झालं आहे.

हे सगळं मग मी मंदारला सांगितलं, अगदी पहिल्या बिस्किटांपासून. त्याला आईचं नाटकाचं वेड आणि डबे माहीत होते, तिनं तिसरा अंक कधी पाहिलाच नाही हे माहीत नव्हतं. तो म्हणाला, "म्हणजे तू पण सेकंड इंटरव्हलला उठणार? मग बघणार कोण?"

"पोळ्या गरम लागतात," मी म्हटलं.

"मग मी बसतो आईच्या जागी. शेवटपर्यंत. पण ती जुनी मराठी मला कितपत कळेल, यार."

"कळेल तेवढं ऐक. आणि ती आतून काय बोलते ते मला नीट सांग. तुझ्या बाबांसारखं नको."

"बिल्कुल," तो म्हणाला.

हळद मी बरणीत काढली आहे. डबा दोनदा घासून ओट्यावर पालथा घातला आहे. काकूंच्या नावाच्या रेघांत थोडी पिवळी हळद अडकली आहे, ती निघत नाही.